पाहिले आणि वाचले

माणूस का लिहितो, या प्रश्नाची उत्तरे पुष्कळांनी दिली आहेत. माणसाने दुसऱ्याचे लिहिलेले का वाचावे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. ज्ञानासाठी वाचावे, आनंदासाठी वाचावे, ही उत्तरे थोर ग्रंथांपुरती ठीक आहेत. पण आपल्या ओळखीच्या, आपल्याच गावातल्या, बेताच्या वकुबाच्या माणसाने चार पाने लिहिली, तर ती आपण लक्षपूर्वक वाचावीत असे काही बंधन आपल्यावर आहे काय? असल्यास ते कोठून येते? लिहिणाऱ्यांचे मंडळ चालविणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर आज ना उद्या द्यावे लागते. फेसबुक आणि व्हॉट्सॲप घरोघर पोहोचल्यापासून तर ते टाळता येण्याजोगे राहिलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

धार आणि देवास येथील आपल्या घराण्यांना हा प्रश्न जरा निराळ्या अंगाने भिडतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवारांबरोबर जी कुटुंबे माळव्यात आली, त्यांची मराठी दरबारात, दप्तरात, देवघरात आणि माजघरात सारख्याच मानाने नांदली. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये आजचा मध्य प्रदेश झाला आणि मराठी दप्तरातून उठून घरात येऊन बसली. आमच्या पिढीचे शिक्षण हिंदीत झाले, नोकरीही हिंदीत झाली. मराठी बोलायची ती घरात आणि लिहायची ती नातेवाइकांच्या पत्रांत. पुढे पत्रेही संपली. मग लिहिण्याच्या मराठीला आपल्याकडे जागा उरली ती एवढीच : मंडळाची बैठक, एखादा हस्तलिखित अंक, एखादे त्रैमासिक. पुण्यातल्या माणसाला लेखकांचे मंडळ ही हौस वाटेल. आपल्याला ती हौस नाही. लिहिती भाषा जेथे अजून श्वास घेते अशी ती शेवटची खोली आहे. ती कशी राखावी, हा म्हणूनच आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

अलीकडे अनेक मंडळांत एक सूचना वारंवार येते. बैठका कशाला, अंक कशाला, छपाईचा खर्च कशाला? फोनवर एक समूह करावा, ज्याला जे सुचेल ते त्याने तेथे लिहावे, सर्वांना ते तत्काळ दिसेल. सूचना वावगी वाटत नाही. ती करणारी माणसे तरुण आणि उत्साही असतात, आणि मंडळ जगावे हीच त्यांचीही इच्छा असते. तेव्हा तिला थट्टेने वाटेला न लावता, तिच्यात काय मिळते आणि काय जाते याचा हिशेब करणे उचित होय.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ. कवी भास्कर रामचंद्र तांबे हे आपल्याच मुलखाचे. जन्म मुंगावलीचा, शिक्षण झाशी आणि देवास येथले, पुढचे आयुष्य ग्वाल्हेरचे. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन व्यवहारापासून ते दूर राहिले. त्यांची समग्र कविता १९३५ साली ग्रंथरूपाने आली, ती माधव जूलियन यांनी संपादित केली म्हणून. हे माधव जूलियन रविकिरण मंडळाचे. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळात बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती. रविवारी ती एकत्र जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर बोलत. स्वतः उत्तम लिहिणाऱ्या माणसाने आपला वेळ खर्चून दुसऱ्याच्या कविता जमवाव्यात, पाठ तपासावेत, क्रम लावावा, हे काम करण्याची सवय माणसाला कोठे लागते? आमच्या मते ती अशा रविवारांतच लागते. आपले वाचून दाखविण्याची पाळी येण्याआधी इतर सर्वांचे ऐकून घ्यावे लागते. मंडळ म्हणतात ते यालाच.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. आपले पूर्वज अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी नर्मदेच्या उत्तरेस आले, तशी गेल्या पन्नास-साठ वर्षांत हजारो मराठी कुटुंबे समुद्रापलीकडे गेली. त्यांनाही तीच अडचण आली : घरात मराठी, बाहेर परभाषा आणि लिहायला जागा नाही. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतील अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केले. संगणकावर देवनागरी उमटविणे तेव्हा आजच्याइतके सोपे नव्हते, तरीही लोक लिहू लागले. २००४ मध्ये 'मनोगत' आले, २००७ मध्ये 'मिसळपाव', २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे'. प्रत्येकाची प्रकृती निराळी. मनोगतावर शुद्धलेखन तपासून देणारा 'शुद्धिचिकित्सक' होता. मिसळपावाच्या नावातच मोकळेपणाची चव होती. पण पद्धत सर्वत्र एकच. कोणी एक लेख लिहावा, त्याला 'धागा' म्हणावे, आणि इतरांनी त्याखाली 'प्रतिसाद' लिहावेत. एखाद्या पाककृतीवर शंभर प्रतिसाद येत आणि एखाद्या चांगल्या लेखावर चारच. पण त्या चारांत एखादा असा असे, की त्याने लेखातील तिसऱ्या परिच्छेदातील चूक दाखविलेली असे. लिहिणाऱ्याला तेवढे पुरते. आपण वाचले गेलो याचा याहून मोठा पुरावा कोणता?

या संकेतस्थळांचा बहराचा काळ आणि समाजमाध्यमांचा उदय हे एकाच वेळी घडले. फेसबुक २००६ मध्ये सर्वांना खुले झाले. २००९ च्या फेब्रुवारीत तेथे 'आवडले' असे सांगणारी अंगठ्याची खूण आली. त्याच वर्षी व्हॉट्सॲप निघाले. २०१४ च्या नोव्हेंबरात त्यावर दोन निळ्या खुणा उमटू लागल्या, ज्यांचा अर्थ 'वाचले' असा सांगितला गेला. आमच्या सबंध विवेचनाचे मर्म या निळ्या खुणांत आहे. वस्तुतः निरोप उघडला गेला एवढेच त्या खुणांना ठाऊक असते. उघडणाऱ्याने तो वाचला की नाही, वाचून त्याला काही वाटले की नाही, हे यंत्राला कळत नाही, आणि कळण्याचे कारणही नाही. तरी नाव मात्र 'वाचले' असेच पडले.

ज्यांनी सरकारी कचेरीत आयुष्य घालविले त्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. 'अवलोकनार्थ' असा शेरा मारलेले कागद टेबलावरून टेबलावर जातात. प्रत्येक जण कोपऱ्यात लहानशी सही करतो. दहा सह्या झालेला कागद दहा जणांनी पाहिलेला असतो. वाचलेला एकानेही असेल याची हमी नाही. पण त्याच कागदाची नस्ती झाली आणि ती टीप लिहिण्यासाठी पुढे आली, की माणूस चष्मा पुसतो. कारण आता त्याला स्वतःचे मत स्वतःच्या नावाखाली लिहायचे असते आणि उद्या कोणी विचारले तर त्याला जबाबही द्यायचा असतो. सही ही पाहिल्याची खूण. टीप ही वाचल्याची. अंगठा, निळी खूण, फुलांचा गुच्छ, हात जोडलेले चित्र, या सर्व सह्या आहेत. लिहिणाऱ्यांचे मंडळ मात्र टिपांवर चालते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सगळा दोष नव्या माध्यमांच्या माथी मारणे सोपे आहे, परंतु खरे नाही. अंगठा घरोघर पोहोचण्यापूर्वीच मराठी संकेतस्थळांवर 'पुलेशु' हा शब्द रूढ झाला होता. 'पुढील लेखनास शुभेच्छा' या तीन शब्दांचे ते संक्षिप्त रूप. तीन शब्द टंकण्याचेही श्रम वाटू लागले, तेव्हा ते तीन अक्षरांवर आले. पुढे अंगठ्याने तीही अक्षरे वाचविली. आपल्या जुन्या बैठकांतही 'फारच छान झाले हो' म्हणून चहाकडे वळणारी मंडळी होतीच. तेव्हा न वाचता दाद देण्याची वृत्ती यंत्राने निर्माण केलेली नाही. यंत्राने केले ते इतकेच, की तिला लाज वाटण्याचे कारण उरू दिले नाही.

उलट, ज्यांच्याविषयी अंगठेबहाद्दरांच्या गर्दीत कोणी बोलत नाही असा एक वर्ग संकेतस्थळांनी ओळखला होता. जे नियमाने वाचतात पण लिहीत मात्र काही नाहीत, त्यांना तेथे 'रोमात' असलेले सदस्य म्हणतात. शब्द गमतीचा आहे, पण त्यात आदरही आहे. असा मूक वाचक वर्षानुवर्षे वाचतो आणि एके दिवशी अचानक प्रतिसाद लिहितो, तेव्हा लक्षात येते की त्याला सगळे स्मरते आहे. मंडळाला लेखकांइतकीच या माणसांची गरज असते.

आता नव्या माध्यमांच्या बाजूचे सर्वांत सबळ म्हणणे मांडले पाहिजे. ते असे : तुमची मंडळे मूठभरांची होती. अंकात कोणाचे छापायचे हे तीन-चार वडीलधारी माणसे ठरवीत. बैठक संध्याकाळी, तेव्हा घरातल्या सुनेला स्वयंपाकातून उठता येत नसे. ज्यांचे घराणे जुने नाही, ज्यांची मराठी पुणेरी वळणाची नाही, ज्यांच्या बोलण्यात माळवी-हिंदीचे शब्द येतात, त्यांना दारातच संकोच वाटे. फोनने हे दार उघडले. आज एखादी काकू दुपारी भांडी आवरल्यावर आपल्या माहेरची आठवण चार ओळींत लिहिते आणि ती ह्यूस्टनमधल्या भाचीपर्यंत पोहोचते. हे तुम्ही कमी लेखता काय?

आम्ही हे मुळीच कमी लेखीत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो ज्यांना बोचत असेल त्यांना तो बोचावा. परंतु त्यातून निघतो तो निष्कर्ष कोणता? दार मोठे असावे, हा. आत आलेल्याचे कोणी काही वाचू नये, हा नव्हे. त्या काकूंच्या चार ओळींखाली तीस जोडलेले हात आणि बारा गुच्छ उमटले, आणि दहाव्या मिनिटाला कोणीतरी ढकललेल्या सुविचाराखाली त्या ओळी गाडल्या गेल्या, तर त्यांचा सन्मान झाला असे म्हणता येईल काय? पूर्वी त्यांना प्रवेश नव्हता. आता प्रवेश आहे, पण कोणी त्यांच्याकडे मान वळवून पाहत नाही. पहिला अन्याय उघड होता, दुसरा हसतमुख आहे, एवढाच भेद. त्यांच्यापैकी एकीलाही कोणी असे विचारले नाही, की काकू, तुम्ही लिहिलेली ती विहीर गावाच्या कोणत्या बाजूला होती? हा एक प्रश्न बेचाळीस खुणांहून मोलाचा आहे. आणि असा प्रश्न विचारला गेला तर काकू पाचवी ओळ लिहितील.

यातूनच आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर निघते. दुसऱ्याचे वाचण्याचे बंधन त्याच्या लेखनाच्या गुणवत्तेतून येत नाही; ते आपण लिहितो यातून येते. मी लिहून चारचौघांपुढे ठेवतो, तेव्हा इतरांच्या आयुष्यातली काही मिनिटे मी मागून घेत असतो. जो घेतो त्याने द्यावे, हा व्यवहारातला साधा न्याय आहे. आपल्याकडे ऋणाची कल्पना जुनी आहे. वाचनाचे ऋणही तसेच आहे. ते ज्याचे घेतले त्यालाच फेडता येईल असे नाही, पण मंडळातल्या कोणाला तरी फेडावे लागते. हे ऋण मान्य करणारे दहा जण जमले की मंडळ होते. मान्य न करणारे हजार जमले तर ती जत्रा. जत्राही आनंदाची असते, पण जत्रेत कोणी कोणाचे ऐकत नाही.

या न्यायाला एक अंकगणितही आहे. वीस जणांच्या मंडळात प्रत्येकाने महिन्याला दोन पाने लिहिली, तर प्रत्येकाला इतरांची अडतीस पाने वाचावी लागतात. सवड काढली तर हे होण्याजोगे आहे. व्हॉट्सॲपच्या समूहात २०२२ पासून १०२४ माणसे घेता येतात. तितक्यांनी तितकेच लिहिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजारांहून अधिक पाने येतील. ती कोणीही वाचणार नाही, आणि न वाचल्याबद्दल कोणाला दोषही देता येणार नाही. जे कर्तव्य पार पाडणे अशक्य आहे ते कर्तव्यच राहत नाही. म्हणजे मंडळ किती मोठे असावे हा सोयीचा नव्हे, नीतीचा प्रश्न आहे : जितक्यांचे वाचता येईल तितकेच मोठे. त्याहून अधिक माणसे आली तर आनंदच आहे. मग दोन मंडळे करावीत. देवासच्या एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पाती नांदल्या. दोन मंडळे नांदायला अडचण ती काय?

चालकाची जबाबदारी हा पुढचा मुद्दा. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा निर्णय दिला, की समूहातील एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर त्यात चालकाचा समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय केवळ तो चालक आहे म्हणून त्याला गुन्हेगार ठरविता येत नाही. कायदा म्हणून हे योग्यच आहे. दुसऱ्याच्या कृत्याची शिक्षा तिसऱ्याला होता कामा नये. परंतु जेथे कायदा थांबतो तेथून नीती पुढे चालू लागते. धारहून दक्षिणेस मुंबईच्या रस्त्याला लागून सेंधवा ओलांडले, की धुळे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा फोनवरून आधीच पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास अटकाव केला. तो निरोप पुढे ढकलणाऱ्या असंख्यांपैकी किती जणांनी तो वाचला असेल? येथे वाचणे म्हणजे, हे कोणी लिहिले, त्याला हे कसे कळले, हे खरे असेल काय, असे स्वतःला विचारणे. न वाचता दाद देणे आणि न वाचता पुढे ढकलणे ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. पहिल्याने एखाद्या काकूंचे मन मोडते. दुसऱ्याने माणसे मरतात. म्हणून वाचण्याची सवय राखणारे लहानसे मंडळ ही केवळ साहित्याची सेवा नाही. त्यात नागरिकही घडतो.

जपणूक हाही चालकाचाच धर्म आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये. तेथे लिहिलेले ज्यांनी स्वतः उतरवून ठेवले नाही, त्यांचे ते गेले. परक्याच्या ओसरीवर मांडलेल्या संसाराचे असेच होते. उलट आपल्या धारमध्ये १९०३ साली संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना एक शिळा सापडली. तिच्यावर परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने रचलेले 'पारिजातमंजरी' हे नाटक कोरलेले होते. सातशे वर्षांनंतर ते पुन्हा वाचले गेले, पण चार अंकांपैकी दोनच; उरलेल्या दोहोंची शिळा मिळालेली नाही. दगडावर कोरलेलेही अर्धे हरवते, तेथे फोनमधल्या अक्षरांची काय कथा? आणि देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ मध्ये खाजगी सचिव म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांचे देवासवरील पुस्तक १९५३ मध्ये निघू शकले, ते बऱ्याच अंशी त्यांनी येथून घरी लिहिलेली पत्रे तीस वर्षे जपली गेली म्हणून. ज्याला कोणी जपणारे आहे तेच लेखन टिकते, मग ते शिळेवर असो वा टपालाच्या कागदावर.

तेव्हा फोनवरचा समूह करावा की करू नये? जरूर करावा. बैठकीची वेळ कळविण्यास, दूर गेलेल्या मुलानातवंडांना जोडून घेण्यास त्यासारखे साधन नाही. मात्र मंडळ म्हणजे तो समूह, असे मानू नये. मंडळाचे काही साधे नियम असावेत. ज्याला आपला लेख द्यायचा असेल त्याने आधी दुसऱ्या एकाच्या लेखावर दहा ओळींची टीप लिहावी, आणि त्या टिपेत निदान एक प्रश्न असावा. लेख परत करायचा झाल्यास कारण सांगून परत करावा, कारण सकारण नकार हीसुद्धा वाचल्याची पावती आहे. बैठकीची वेळ घरातल्या बायकांना सोयीची असावी. माळवी वळणाच्या मराठीला कोणी हसू नये. ती आपल्या तीन शतकांची कमाई आहे. आणि वर्षाअखेर जे लिहिले गेले त्याच्या छापील प्रती काढून निदान दोन ग्रंथालयांत ठेवाव्यात.

या नियमांनी काही माणसे गळतील, हे उघड आहे. ज्यांना केवळ दिसायचे आहे ते जेथे दिसता येते तेथे जातील. त्यांना निरोप देताना कटुता नसावी. जी उरतील ती थोडी असतील. पण त्यांतील प्रत्येकाला एक खात्री असेल, की मी उद्या दोन पाने लिहिली तर या गावात किमान एक माणूस चष्मा पुसून ती शेवटपर्यंत वाचील. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या भाषेला लिहिते राहण्यासाठी एवढी खात्री पुरेशी आहे, असे आम्हांस वाटते. ती देणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही यंत्राची अनुमती लागत नाही.